पूल टेबल, लाईट आणि वाकडं अंगण

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत त्या नवीन प्रोफेशनल पूल टेबलवर (क्यूने बॉल मारून पॉकेटमध्ये घालायचा बिलियर्डसारखा खेळ, त्याचं टेबल) अर्धं पान आलं होतं ते वाचलं. सकाळी चहा पिताना पान उघडलं तर अख्खं टेबलच समोर, म्हटलं चला आपल्या धंद्यावर पण कोणीतरी लिहितंय. मी २२ वर्षं टेबलं बसवतोय, म्हणजे स्लेट चढवणं, लेव्हल काढणं, कुशन म्हणजे टेबलाच्या आतल्या कडेचं रबर बदलणं, कापड ताणणं हेच काम. खेळतो पण थोडंफार, पण खेळाडू म्हणवून घेण्याएवढं नाही. तर लेख वाचत गेलो आणि शेवटपर्यंत वाट बघत राहिलो की आता टेबलाबद्दल काहीतरी येईल. आलंच नाही. लाईट आली, ॲप आलं, पायाला सोनेरी पट्टी आली, स्कोअर आपोआप मोजणारा कॅमेरा आला, आणि एका ठिकाणी तर स्लेटला चक्क संगमरवर म्हटलंय. अहो स्लेट म्हणजे आपण लहानपणी ज्याच्यावर पेन्सिलीने अ आ इ ई गिरवलं ती पाटी, तोच दगड. थर थर असलेला, बारीक कणांचा, घासला की एकदम सपाट होणारा. संगमरवर वेगळा, तो देवघरात ठेवा.

राग म्हणून लिहित नाहीये हां. पण प्रोफेशनल हा शब्द तुम्ही १०-१२ वेळा तरी वापरलाय आणि ते टेबल प्रोफेशनल का आहे हे एकदाही सांगितलं नाही, म्हणून लिहितोय.

आता मुळात साईजपासून बघा. ज्याला ९ फुटी टेबल म्हणतात त्याची खेळायची जागा १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद असते, कुशनच्या टोकापासून समोरच्या कुशनच्या टोकापर्यंत मोजून. लांबी रुंदीच्या बरोब्बर दुप्पट. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमात असंच आहे आणि मोठ्या स्पर्धा यावरच होतात. जमिनीपासून उंची २९.२५ ते ३१ इंच. लेखात दिलंय "भव्य ९ फुटी", बरं, पण बाहेरून मोजून ९ फूट की आतून हे नाही दिलं, आणि बाहेरून मोजून विकणारे आहेत म्हणून विचारतोय. शिवाय ज्याला ते घ्यायचंय त्याला खोली केवढी लागेल हे पण सांगायला हवं होतं. क्यू म्हणजे बॉल मारायची काठी साधारण ५८ इंचाची असते, तेवढी जागा चारी बाजूंनी सोडली तर खोली १४ बाय १८ फूट तरी पाहिजे. लोक आधी टेबल आणतात आणि मग भिंतीला क्यू लागतो म्हणून आखूड क्यू शोधत बसतात, मग ते ९ फुटी घेतलं कशाला.

स्लेट किमान १ इंच जाडीची पाहिजे. बहुतेक टेबलांत ती ३ तुकड्यांत येते कारण अख्खी उचलणार कोण, ९ फुटी टेबलाची १ इंची स्लेटच ३०० किलोच्या आसपास भरते. अख्ख्या एका तुकड्याची पण मिळते, त्यात सांधा नसतो हा फायदा आणि जिन्यातून वर न्यायची म्हटली की सगळा फायदा तिथेच संपतो. नियम सांगतो की स्लेट लांबीत जास्तीत जास्त ०.५ मिमी आणि रुंदीत ०.२५ मिमी एवढाच उंचसखलपणा चालेल, आणि टेबलाच्या मध्यावर ९० किलोचा भार दिला तर ती ०.७६ मिमीपेक्षा जास्त दबता कामा नये. हे दुसरं जे आहे ना ते स्लेटचं कमी आणि खालच्या सांगाड्याचं जास्त आहे. म्हणून मी कुठलंही टेबल बघायला गेलो की आधी खाली वाकून बघतो, लोकांना वाटतं याचं काहीतरी पडलंय. सांगाड्यात आडवे बीम किती, कशाचे, सांध्याच्या खाली आधार आहे की सांधा हवेत लटकतोय. तुमच्या लेखातले ७ फोटो मी मोजले, एकही खालून नाही.

आणि लेव्हल. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे जरा लांबेल, माफ करा. लेव्हल दोनदा करायची असते. आधी पायाच्या स्क्रूने सांगाडा लेव्हलमध्ये आणायचा, मग स्लेटचे तुकडे सांगाड्यावर ठेवून प्रत्येक सांध्याखाली बारीक पाचर सरकवत सरकवत दोन तुकड्यांच्या कडा एका पातळीत आणायच्या. बोट फिरवलं तर नखाला सुद्धा धक्का लागता कामा नये. मग सांध्यात मधमाशीचं मेण नाहीतर पुट्टी भरायची, घासायची, आणि मग कापड. गवंड्याची साधी स्पिरिट लेव्हल इथे काही कामाची नाही, मशीन शॉपमध्ये वापरतात ती लेव्हल लागते. आणि एवढं करून सुद्धा महिना-दोन महिन्यांनी टेबल बसतं, म्हणजे वजनाने जरासं खाली जातं, परत येऊन बघावं लागतं. नवीन टेबलाबरोबर ही दुसरी फेरी मिळते का हा प्रश्न कोणी विचारतच नाही, खरं तर पहिला हाच विचारायला पाहिजे.

एकदा एका क्लबमधून फोन आला की कापड बदलायचंय. गेलो. तिथे एक पोरगा खेळत होता, १६-१७ वर्षांचा असेल, तो सारखा म्हणत होता की हळू मारलेला बॉल डावीकडे जातो. आणि बाकीचे सगळे त्याला हसत होते, नाचता येईना अंगण वाकडं. मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. मग जुनं कापड काढलं तर एका सांध्यातलं मेण भुगा होऊन निघालेलं आणि मधला तुकडा एका बाजूने खाली बसलेला, डोळ्याला दिसत नव्हतं पण लेव्हल ठेवल्यावर बुडबुडा सरळ एका टोकाला पळाला. अंगण खरंच वाकडं होतं हो. त्या पोराला मी सॉरी म्हटलं. तेव्हापासून कोणी असं काही बोललं की मी आधी लेव्हल काढतो आणि मग हसायचं असेल तर हसतो.

आता कुशन. लेखात एकच वाक्य आहे, "उच्च दर्जाचे रबर". रबर उच्च दर्जाचं असेल हो पण ते किती उंचीवर बसवलंय? पूलचा बॉल २.२५ इंच म्हणजे ५७.१५ मिमी व्यासाचा. कुशनचं टोक त्या व्यासाच्या ६३.५ टक्के उंचीवर पाहिजे, वर खाली १ टक्का चालतो. म्हणजे साधारण ३६.३ मिमी आणि सगळी सूट धरून जेमतेम १ मिमीचा खेळ. हे एवढं काटेकोर का, तर टोक खाली गेलं की जोरात आलेला बॉल कुशनवर आपटून उडी मारतो, आणि वर गेलं की कुशन बॉलला वरून दाबतं, बॉल कापडात रुततो आणि स्पीड मरते. गणिताप्रमाणे बॉल न घसरता लगेच लोळत परत यायला ७० टक्के उंचीवर धक्का बसायला पाहिजे, पण प्रत्यक्षात तेवढं वर घेतलं की दाबायला लागतं म्हणून थोडं खाली घेतात. आता कोणी जाड कापड लावलं, किंवा रबर चिकटवताना लाकडावर गोंदाचा थर जास्त दिला, तरी हा हिशोब बिघडतो. फॅक्टरीत सगळं बरोबर आणि फिटरने घोळ घातला असं पण होतं. मी घातलाय. सुरुवातीच्या दिवसांत एका टेबलाचे रेल्वेसारखे लांब रेल (कुशन ज्यांना चिकटवतात त्या लाकडी कडा) मी घाईत आवळले, काही बोल्ट घट्ट काही ढिले, दुसऱ्या दिवशी मालकाने बोलावून घेतलं आणि काही न बोलता फक्त बॉल मारून दाखवला. चांगल्या रेलला बॉल लागला की टणकन आवाज येतो, ढिल्या रेलला लागला की धप्प. त्या धप्प आवाजाने मला अजून लाज वाटते.

रबराची एक गंमत सांगतो. आधी कुशनमध्ये कापडाच्या चिंध्या, लोकर असलं काय काय भरायचे. इंग्लंडमध्ये जॉन थर्स्टन नावाचा टेबल बनवणारा होता, त्याने १८२६ च्या सुमाराला लाकडाऐवजी स्लेट वापरायला सुरुवात केली आणि १८३५ मध्ये रबराचं कुशन आणलं. पण ते रबर थंडीत दगडासारखं व्हायचं, मग खेळाच्या आधी गरम पाण्याचे डबे लावून कुशन शेकायचे! चार्ल्स गुडइयरने १८४४ मध्ये व्हल्कनाइझ, म्हणजे गंधक घालून तापवलेल्या रबराचं पेटंट घेतलं आणि मग तो त्रास गेला. म्हणजे टेबल आज जसं आहे तसं होण्यामागे लाईट आणि ॲप नाहीये, दगड आणि रबर आहे, आणि पावणेदोनशे वर्षांनंतर सुद्धा सगळा खेळ त्याच दोन गोष्टींवर चाललाय.

घरच्या घरी टेस्ट करायची असेल तर सोपी आहे. पांढरा बॉल वरच्या स्पॉटवर ठेवा आणि मधोमध, क्यू आडवा धरून, खणखणीत मारा, लांबीत. बॉलने न उडता टेबलाच्या ४ ते साडेचार लांब्या कापल्या पाहिजेत. ३ मध्येच दमला तर कुशन नाहीतर कापड, दोन्हीपैकी एक गेलंय.

पॉकेटबद्दल, म्हणजे बॉल जातो त्या खड्ड्यांबद्दल, मात्र तुमच्या लेखात बरंच लिहिलंय आणि ते वाचून मी डोक्याला हात लावला. "पॉकेट फक्त ४ इंच, त्यामुळे जगातल्या सर्वात अवघड टेबलांपैकी एक". नियमाप्रमाणे कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड साडेचार इंच ते ४ इंच ५ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि मधल्या पॉकेटचं ५ ते ५ इंच १ सूत. साडेचार म्हणजे बरोबर दोन बॉल शेजारी शेजारी. आता काही मोठ्या प्रोफेशनल स्पर्धांत ४ इंचाची पॉकेटं वापरायला लागलेत, म्हणजे पावणेदोन बॉल, खेळाडू फारच चांगले झालेत म्हणून. ठीक आहे. पण पॉकेट अवघड आहे की सोपं हे नुसत्या तोंडावर ठरत नाही. तीन गोष्टी असतात. तोंड किती, जबड्याचा (पॉकेटच्या दोन्ही बाजूंना कुशन जिथे आत वळतं ती कड) कोन किती, आणि तोंडापासून खड्ड्यापर्यंत स्लेटचा ओटा किती, त्याला शेल्फ म्हणतात. कोपऱ्याला १३५ अंशाचा कोन दिला तर दोन्ही जबडे एकमेकांना समांतर होतात, आणि बॉल जबड्याला लागला तरी आपटत आपटत आतच जातो. नियमात १४२ अंश दिलाय, १ अंश इकडे तिकडे, म्हणजे पॉकेट आत जाताना निमुळतं होतं. कोन याच्याही वर नेला की जबड्याला लागलेला बॉल समोरच्या जबड्यावर आपटतो आणि दोनतीनदा खडखड करून बाहेर. शेल्फ कोपऱ्याला १ ते सव्वादोन इंच चालतो. उथळ शेल्फवर बॉल तोंडाशी आला की पडलाच, खोल शेल्फवर तोच बॉल ओठावर बसून राहतो आणि खेळणारा केस उपटतो.

म्हणजे ४ इंच तोंड, समांतर जबडे, उथळ शेल्फ असं टेबल साडेचार इंची कडक टेबलापेक्षा सोपं खेळू शकतं. आणि उलटं पण. फक्त तोंड सांगून टेबलाचं वर्णन करणं म्हणजे मुलगी दाखवायला आणली आणि नुसती उंची सांगितली.

वर दुसरी गोष्ट, तोंड ४ इंच केलं कसं? लाकडी रेलच लांब कापून रबर पुढे आणलं असेल तर उत्तम. पण बऱ्याच ठिकाणी जुनेच रेल ठेवून जबड्याला जाड जाड रबरी पट्ट्या चिकटवतात, एकावर एक. त्याने तोंड लहान होतं पण जबडा मऊ होतो, बॉल लागला की कसा पण उडतो. जबड्याची पट्टी कुशनच्या रबरापेक्षा कडक असली पाहिजे आणि दोन्ही बाजूला सारखी. हे बाहेरून बघून कळत नाही, कापडाखाली असतं ना, म्हणून बोटाने दाबून बघायचं.

पॉकेटच्या आतल्या अस्तराबद्दल पण कोणी बोलत नाही. कडक प्लास्टिकचं असेल तर जोरात मारलेला बॉल आत जाऊन मागच्या भिंतीला आपटून परत टेबलावर येतो. आणि नियम असा की परत आलेला बॉल पॉकेट झालेला धरत नाहीत! म्हणजे तुम्ही बरोबर मारलं, बॉल आत गेला, आणि टर्न गेला, केवळ अस्तर कडक म्हणून. खेळाडूला याच्याएवढं चिडवणारं दुसरं काही नाही.

कापडाचं थोडक्यात सांगतो. प्रोफेशनल टेबलाला वूस्टेड लोकरीचं कापड लागतं, विंचरलेल्या लांब धाग्यांचं, ज्याच्यावर लव नसते, किमान ८५ टक्के लोकर आणि बाकी नायलॉन. स्नूकरच्या कापडाला लव असते आणि तिला दिशा असते, पूलला तसं नको. बेल्जियममधली सिमोनिस ही कंपनी १६८० पासून कापड विणतेय, स्पर्धांत त्यांचं दिसतं बऱ्याचदा. हिरव्याऐवजी निळं का, तर टीव्हीवर बॉल उठून दिसतात म्हणून, त्याचा खेळाशी संबंध नाही. पण "मखमली स्पर्श" असं तुम्ही लिहिलंय ना, तिथे मला शंका आली. मखमली असेल तर ते प्रोफेशनल कापड नाही आणि प्रोफेशनल असेल तर ते मखमली नाही. दोन्ही एकत्र येत नाहीत. आणि कापड कितीही भारी असलं तरी एका बाजूला जास्त ताणलं एका बाजूला कमी, तर एकाच टेबलावर दोन स्पीड मिळतात. दमट हवेत ते परत स्लो होतं ते वेगळंच. थ्री कुशन कॅरम बिलियर्डची (हा पॉकेट नसलेल्या टेबलावरचा खेळ) टेबलं तर त्यासाठी खालून गरम ठेवतात, स्लेटखाली हीटर असतो.

आता तुमची ती लाईट. मी लाईटच्या विरोधात नाही. नियमच आहे की टेबलाच्या प्रत्येक भागावर किमान ५२० लक्स उजेड पाहिजे, कोपऱ्यात पण मध्यावर आहे तेवढाच, आणि दिवा हलवता येण्यासारखा असेल तर स्लेटपासून किमान ४० इंच वर. आता चौकोनी फ्रेमचे एलईडी दिवे आलेत ते खरंच छान आहेत, सावली जवळजवळ पडत नाही. पण या नवीन टेबलाला रेलच्या खालच्या कडेला निळ्या पट्ट्या लावल्यात. खेळाडू शॉट घेताना हनुवटी क्यूला टेकवून वाकतो, त्याचे डोळे कुठे येतात तर समोरच्या रेलच्या जरासे वर. तिथून समोर चकचकीत काळा पॉलिश आणि त्यात दिव्याचं प्रतिबिंब. डिझाईन करणाऱ्याने एकदा वाकून बघितलं असतं तरी कळलं असतं. रेल वरून मॅट पाहिजे, चकचकीत नको, एक तर डोळ्याला त्रास आणि दुसरं म्हणजे घामाच्या हाताला त्याच्यावर ब्रिज, म्हणजे क्यूला टेकू द्यायची हाताची पकड, धरवत नाही.

आणि ते रेलवरचे ठिपके, डायमंड म्हणतात त्यांना. लेखात त्यांना "नक्षी" म्हटलंय. साहेब ती नक्षी नाही, फूटपट्टी आहे! ९ फुटी टेबलावर दोन ठिपक्यांत साडेबारा इंच अंतर असतं, लांबीचे ८ भाग आणि रुंदीचे ४. खेळाडू त्या ठिपक्यांवर बेरीज वजाबाकी करून दोन-तीन कुशनचे शॉट काढतात. फोटोत बघितलं तर एका आखूड रेलवर मधल्या ठिपक्याच्या जागी कंपनीचा लोगो आहे, तेवढं चालतं, पूर्वीपासून नावाची पट्टी तिथे असतेच. पण लांब रेलवर मला एका बाजूला फक्त २ ठिपके दिसले आणि तिसऱ्याच्या जागी चार्जिंगची चकती. मोबाईल चार्ज होईल, ठीक आहे, पण खेळणारा मोजणार कशावरून?

स्कोअर मोजणारा कॅमेरा मला आवडला हे पण लिहितो, नाहीतर म्हणाल म्हातारा नुसता कुरकुरतोय. प्रॅक्टिस करणाऱ्या पोरांना त्याचा उपयोग होईल, आपला शॉट परत बघता येणं ही मोठी गोष्ट आहे आणि आमच्या वेळी ते नव्हतं. बॉल परत येण्याची गल्ली पण त्यांनी रबर लावून शांत केलीय असं लिहिलंय, ते खरं असेल तर ब्राव्हो, कारण शेजारच्या टेबलावर कोणी शॉटला वाकलंय आणि याच्या पोटातून घरंगळण्याचा गडगडाट, हा जुना वैताग आहे.

तर विनंती एवढीच की ज्यांनी लेख लिहिला त्यांनी त्या टेबलाकडे परत एकदा जावं, यावेळी कॅमेऱ्याऐवजी टेप, दोन बॉल आणि चांगली लेव्हल घेऊन, आणि बनवणाऱ्याला शेल्फ किती, कोन किती, सांगाड्यात काय आहे, महिन्याने परत लेव्हल करायला कोण येणार हे विचारावं. उत्तरं चांगली आली तर मीच पहिला कौतुक करीन, तुम्ही ते छापा पण.

आणि जाताच आहेत तर पान ४ वरच्या मोठ्या फोटोत डाव्या हाताचं जे मधलं पॉकेट दिसतंय ना, त्याचा एक जबडा दुसऱ्यापेक्षा जाड वाटतोय मला. कदाचित फोटोच्या अँगलमुळे असेल. पण बोटाने दाबून बघायला सांगा.

आपला,
एक टेबल फिटर